शेततळ्यातील मासे : उन्हाळ्यातील जोपासना

शेतीसाठी साठवलेल्या पाण्यात वाढवलेले मासे मार्चपासून मृगाच्या पावसापर्यंत निरोगी राखण्याची पद्धत. महाराष्ट्रातील कोरडवाहू पट्ट्यांत डाळिंब, द्राक्ष यांसारख्या फळबागांच्या पाण्याची सोय म्हणून शेततळी खोदली गेली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेनंतर ती आणखी वाढली. जोडधंदा म्हणून त्यांत कटला, रोहू, मृगळ आणि त्यांच्या जोडीला चंदेरा, गवत्या, सायप्रिनस हे मासे सोडले जातात. उन्हाळ्यात या तळ्यांत होणाऱ्या मरतुकीचे मुख्य कारण पाण्यातील प्राणवायूचा तुटवडा हे असते. उष्णता तो तुटवडा घडवून आणते. मात्र प्राणवायू रात्रभर घटत जात असल्याने सर्वाधिक धोका भर दुपारी नसून पहाटे असतो.

तापमान व प्राणवायू : कटला, रोहू व मृगळ यांना साधारण २५ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी तापत जाते तशी त्याची प्राणवायू विरघळवून ठेवण्याची क्षमता घटते. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिग्रॅ., ३० अंशांना ७.६ मिग्रॅ. आणि ३५ अंशांना सुमारे ६.९ मिग्रॅ. प्राणवायू मावतो. मासा शीतरक्ताचा असल्याने पाण्याबरोबर त्याचे शरीरही तापते, चयापचय वेगाने चालतो आणि प्राणवायूची गरज वाढते. पुरवठा घटतो त्याच वेळी मागणी चढते. लिटरमागे ५ मिग्रॅ.पेक्षा अधिक प्राणवायू असल्यास मासे चांगले वाढतात; तो ३ मिग्रॅ.च्या खाली गेला की त्यांच्यावर ताण येतो.

पहाटेचा धोका : पाण्यातील सूक्ष्म हिरवे शेवाळ दिवसा प्रकाशसंश्लेषणाने प्राणवायू सोडते, त्यामुळे दुपारनंतर त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. रात्री शेवाळ, मासे आणि तळाशी कुजणारा गाळ हे सगळेच प्राणवायू वापरतात आणि सूर्योदयापूर्वी साठा नीचांकाला येतो. पाणी जितके गडद हिरवे, तितकी ही घसरण मोठी. पांढरी तबकडी पाण्यात सोडल्यावर ३० ते ४० सेंमी. खोलीवर दिसेनाशी झाली, तर शेवाळ योग्य प्रमाणात आहे असे समजतात. ती २० सेंमी.च्या आतच दिसेनाशी झाली, तर शेणखत व रासायनिक खत ताबडतोब बंद करावे. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागणे ही टंचाईची खूण होय. मोठे मासे आधी मरतात, लहान मागे राहतात. रोगाने होणारी मरतूक सहसा अशी एका रात्रीत व आकारानुसार होत नाही.

पाण्याची पातळी : कडक उन्हात बाष्पीभवनाने दिवसाला ८ ते १० मिमी., म्हणजे महिन्याला सुमारे पाव मीटर पाणी उडते. बागेचा उपसा त्याच्या भरीला असतो. उथळ पाणी लवकर तापते, म्हणून किमान दीड मीटर खोली राखावी. तेवढ्या उंचीची खूण अस्तरावर आधीच करून त्याखालचे पाणी माशांसाठी राखून ठेवावे. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात प्राणवायू बहुधा कमी असतो, त्यामुळे भर घालताना ते उंचावरून फवाऱ्यासारखे सोडावे.

अस्तराची तळी : प्लास्टिक अस्तरामुळे पाणी मुरत नाही, परंतु त्याबरोबर विष्ठा, उरलेले खाद्य आणि क्षार हेही तळ्यातच साठतात. त्यांतून तयार होणाऱ्या अमोनियाचा विषारी अंश तापमान व सामू (पीएच) यांच्याबरोबर वाढतो. पाणी ३० अंशांचे असताना सामू ८ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे ७.५ टक्के भाग विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की हेच प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवर जाते. दाट शेवाळाच्या तळ्यात दुपारी सामू ९ पर्यंत सहज चढतो. अशा वेळी सवयीने चुना टाकणे घातक ठरते. सामू मोजल्याशिवाय चुना वापरू नये.

खाद्य : भाताचा कोंडा व शेंगदाणा पेंड किंवा तरंगते गोळीखाद्य सूर्य वर आल्यावर द्यावे. सकाळी मासे तोंड उघडत असतील, आभाळ भरून आले असेल किंवा आदल्या दिवसाचे खाद्य शिल्लक असेल, तर त्या दिवशी खाद्य देऊ नये. एका दिवसाच्या उपवासाने वाढीचे फारसे बिघडत नाही; न खाल्लेले खाद्य मात्र कुजताना प्राणवायू ओढून घेते.

वायुवीजन व सावली : पॅडलव्हील एरेटर मध्यरात्रीनंतर सूर्योदयापर्यंत चालवणे सर्वांत उपयुक्त असते. तो नसेल तर उपशाचाच पंप लावून तळ्याचे पाणी तळ्यातच फवारावे. वीज रात्री हमखास मिळत नसेल, तर डिझेल पंपाची तजवीज ठेवावी. काही भागावर शेडनेट बांधता येते. जलपर्णी किंवा अ‍ॅझोलाने सगळा पृष्ठभाग झाकू देऊ नये. प्रकाश अडतो आणि हवेतून मिसळणारा प्राणवायूही थांबतो.

वळीव : उन्हाळ्यात वरचा थर गरम व हलका, तर तळाचा थर थंड व प्राणवायूहीन होतो. वळवाचा गार पाऊस आणि वादळी वारा हे थर एकदम ढवळतात. तळातील विषारी वायू वर येतात आणि संपूर्ण तळ्याचा प्राणवायू खाली जातो. त्यानंतरही आभाळ झाकलेले राहिले तर शेवाळ तो भरून काढू शकत नाही. म्हणून वळवाच्या रात्री एरेटर किंवा पंप सुरू ठेवावा.

रोग : ताण पडलेल्या माशांवर उवांचा प्रादुर्भाव, कल्ले कुजणे आणि जिवाणूजन्य जखमा लवकर दिसतात. मेलेले मासे लगेच काढून तळ्यापासून दूर पुरावेत. औषधाआधी पाणी तपासावे. पाणी सुधारल्याशिवाय औषधाचा गुण टिकत नाही.

विरळणी : पावसाळ्यात सोडलेल्या माशांचे एकूण वजन मार्चपर्यंत बरेच वाढलेले आणि पाणी कमी, अशी स्थिती असते. विक्रीयोग्य मासे या वेळी टप्प्याटप्प्याने, ऊन चढण्यापूर्वी काढणे हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. अधिक वजनाच्या आशेने सगळे मासे मेपर्यंत ठेवले, तर वर्षाची मेहनत एका पहाटेत जाऊ शकते. जेथे दीड मीटर पाणी टिकणार नाही, तेथे उन्हाळ्यापूर्वी तळे रिकामे करणेच हिताचे. मरळ, मागूर हे मासे हवेतूनही श्वास घेतात. त्यामुळे प्राणवायूची टंचाई ते अधिक सोसतात, तरी तापलेले व अमोनियायुक्त पाणी त्यांनाही मानवत नाही.