सैगल, कुंदनलाल
(११ एप्रिल १९०४–१८ जानेवारी १९४७). हिंदी व बंगाली चित्रपटांतील ख्यातनाम गायक-अभिनेते. जन्म जम्मू येथे. गायनाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. टंकलेखनयंत्रांच्या विक्रेत्याची नोकरी केल्यानंतर ते कलकत्त्याच्या ‘न्यू थिएटर्स’ या संस्थेत आले. देवदास (हिंदी, १९३५) या चित्रपटाने त्यांना देशव्यापी कीर्ती मिळवून दिली.

रंगभूमीवरील गायकास दूरच्या प्रेक्षकांसाठी खडा आवाज लावावा लागे. मायक्रोफोनमुळे ही निकड संपली. सैगल यांनी मंद, संभाषणवजा स्वरात शब्दांचा भाव उलगडणारी गायकी रूढ केली. न्यू थिएटर्सने १९३५ मध्ये पार्श्वगायनाचा अवलंब केला होता. तथापि स्ट्रीट सिंगर (१९३८) मधील भैरवी ठुमरी त्यांनी चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष गायिली. पुढे मुंबईत भक्त सूरदास (१९४२), तानसेन (१९४३) व शाहजहान (१९४६) या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. अतिमद्यपानाने प्रकृती ढासळून जालंधर येथे त्यांचे निधन झाले.

मुकेश व किशोरकुमार यांच्या प्रारंभीच्या गायनावर त्यांची छाप आहे. मात्र पार्श्वगायनाच्या प्रसारानंतर गायक व नट एकाच व्यक्तीत आढळणे विरळ झाले.