गोदेचे दोन काठ आणि संघराज्य

अमेरिकेचे संघराज्य घटक राज्यांच्या संमतीतून जन्मले. कॅनडाचे १८६७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने घडले. भारतासाठी १९३५ च्या कायद्याने योजिलेल्या संघराज्याचे मर्म तत्कालीन अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या गोदाकाठी उमगते. अलीकडे मुंबई प्रांत, पलीकडे निजामाचे संस्थान. संघीय विधिमंडळात प्रांतांचे प्रतिनिधी निवडलेले, तर संस्थानांचे राजांनी नेमलेले असणार होते. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले संस्थेतील व्याख्यानात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या योजनेस विरोध केला. ती अमलात आलीच नाही. १९५० च्या संविधानाने सर्वांना एकच नागरिकत्व दिले. १९५१-५२ मध्ये दोन्ही काठांवरील प्रौढ स्त्री-पुरुषांनी एकाच लोकसभेसाठी मतदान केले.