परभणी जिल्ह्यातील वीजवितरण व स्मार्ट ग्रिड

उपकेंद्र, रोहित्र आणि ग्राहक यांच्याकडील विजेच्या नोंदी दूरसंपर्काद्वारे सतत मिळत राहतील, अशा वीजजालकास स्मार्ट ग्रिड म्हणतात. अचूक मोजणी हा तिचा पाया होय. परभणी जिल्ह्यात वितरणाच्या धोरणापुढील मुख्य प्रश्नही मोजणीचाच राहिला आहे.

हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाले. पूर्णा नदीवरील येलदरी (ता. जिंतूर) येथे २२·५ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत् केंद्र उभारण्यात आले. शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला.

वीज खेड्यांत पोहोचली, तरी सर्व कृषिपंपांना मीटर बसले नाहीत. मीटर नसलेल्या पंपांची आकारणी अश्वशक्तीनुसार होते व त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो. हा अंदाज वाढविला की गळती कमी दिसते. विद्युत् अधिनियम, २००३ च्या कलम ५५ ने दोन वर्षांनंतर मीटरविना पुरवठा करण्यास मनाई केली. पण मुदतवाढीचा अधिकार आयोगास दिला. त्यामुळे जुनी पद्धत टिकून राहिली.

६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरण कंपनीकडे आले. तुटवड्याच्या काळात गळती व वसुली यांनुसार वाहिन्यांचे गट पाडून भारनियमन करण्यात आले. मराठवाड्यातील अनेक वाहिन्या अधिक भारनियमनाच्या गटांत पडल्या. वाहिनी हेच एकक असल्याने नियमित बिल भरणाऱ्यासही थकबाकीदार शेजाऱ्याबरोबर अंधारात राहावे लागे.

प्रत्येक ग्राहकाची स्वतंत्र व तत्काळ नोंद घेणारा स्मार्ट मीटर हा अन्याय दूर करू शकतो. केंद्र शासनाच्या २०२१ च्या सुधारित वितरण योजनेत प्रीपेड स्मार्ट मीटरांची तरतूद झाली. मात्र राज्यात विरोध झाल्याने सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसविणार नसल्याचे राज्य शासनाने जून २०२४ मध्ये जाहीर केले. पुढे स्मार्ट मीटर नंतर बिल देण्याच्या पद्धतीने बसू लागले आणि १ जुलै २०२५ पासून ते असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत लागू झाली.

या केंद्रीय योजनेच्या प्रीपेड मीटरांतून शेतीग्राहक वगळलेले आहेत. ७·५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज देण्यात आली. अशा विजेची भरपाई कलम ६५ नुसार शासनाने आगाऊ द्यावयाची असते. मोजणीविना या भरपाईची रक्कम अंदाजावरच ठरते. म्हणून कृषिवाहिन्यांची विश्वसनीय मोजणी व तिचे जाहीर लेखापरीक्षण यांवर स्मार्ट ग्रिडचे यश अवलंबून आहे.