हाडांतला चुना मांसात

२ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होता. जळगावला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. योजनेत डायलिसिसही होतं, त्यामुळे मूत्रपिंडं निकामी झालेल्या गरीब माणसालाही वर्षानुवर्षं जगण्याची वाट मिळाली. खांद्याशी, कोपराशी, खुब्याजवळ चुन्याची टणक गाठ धरते, ती अशा लांबलेल्या आयुष्यात. पूर्वी तेवढा वेळच मिळत नसे.

हाडं पोखरणाऱ्या रोगात सुटलेला चुना फुप्फुसांत, जठरात जाऊन बसतो, हे फिरखो या जर्मन वैद्याने १८५५ मध्येच नोंदवलं होतं. पण १९६० मध्ये सिएटलला स्क्रिब्नर यांनी हातात कायमची नळी बसवली, डायलिसिस वर्षानुवर्षं करता येऊ लागलं आणि हा चुना नेहमीचा झाला. यंत्र युरिया चांगला काढतं, फॉस्फरस मात्र चार तासांत जेमतेम एक ग्रॅम. उरलेला रक्तात साठतो, कॅल्शियमला धरून मऊ मांसात आणि रक्तवाहिन्यांत बसतो. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी चवताळतात आणि हाडांतून आणखी कॅल्शियम ओढतात.

यावरचे उपाय पाहिले की जीव हळहळतो. अन्नातला फॉस्फरस आतड्यातच धरण्यासाठी आधी अॅल्युमिनियमची औषधं दिली. सत्तरच्या दशकात कळलं, ते मेंदूत आणि हाडांत साठतं. मग कॅल्शियमच्या गोळ्या आल्या. २००० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात डायलिसिसवरच्या वीस ते तीस वर्षांच्या १६ पैकी १४ जणांच्या हृदयाच्या धमन्यांत चुना दिसला. ज्यांच्यात तो होता, ते या गोळ्यांतून जवळपास दुप्पट कॅल्शियम घेत होते. त्यानंतर कॅल्शियमविना काम करणाऱ्या सेव्हेलामर या औषधाचं महत्त्व वाढलं. ते महाग आहे.

म्हणून खानदेशात ताटाकडे पाहावं लागतं. जळगावात केळ्यांची भीती सगळ्यांना ठाऊक असते, कारण त्यांतलं पोटॅशियम एका रात्रीत घात करतं. फॉस्फरस वर्षानुवर्षं गुपचूप साठतो, त्याची विचारपूस कमी होते. वांग्याच्या भरतातले शेंगदाणे बेतानेच खावेत. पण त्यांतला निम्म्याहून कमी फॉस्फरस अंगी लागतो, तर बाटलीतल्या काळ्या पेयात मिसळलेला जवळजवळ सगळा. बंदी घालायचीच तर आधी त्या बाटलीवर घालावी. आणि फॉस्फरस धरणारी गोळी भाकरीच्या घासांसोबतच घ्यायची. उपाशीपोटी घेतली, तर तिला आतड्यात धरायला काही सापडत नाही.