नकाशाची गुंडाळी

आठवीत असताना इतिहासाच्या तासाला कार्यालयातून नकाशा आणण्याचे काम माझ्याकडे होते. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडे असलेला तो नकाशा फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा आणि हळूहळू खाली सोडायचा. सर म्हणत, "जपून रे, एके काळी पुस्तकंसुद्धा अशीच असायची."

सरांच्या त्या वाक्याचा अर्थ पुढे वाचनातून कळला. आपल्याकडे ताडपत्राच्या सुट्या पानांची पोथी रुळली. इजिप्त, ग्रीस आणि रोममध्ये मात्र पुस्तक म्हणजे गुंडाळी. पपायरस या पाणवनस्पतीच्या गाभ्याच्या पट्ट्या उभ्या-आडव्या रचून, दाबून त्याचे ताव करत. ताव एकमेकांना चिकटवले की लांब पट्टा तयार होई आणि त्यावर रकाने पाडून मजकूर लिहीत. ग्रीक वाचक उजव्या हाताने गुंडाळी उलगडत जाई आणि डाव्या हाताने गुंडाळत जाई. वाचून झाल्यावर ती उलटी गुंडाळून ठेवावी लागे, नाहीतर पुढच्याच्या हाती आधी शेवट येई. मधलेच एखादे वाक्य हवे असेल तर हातभर हातभर उलगडत बसायचे. पाने शिवलेल्या पुस्तकात ही अडचण नव्हती, शिवाय दोन्ही बाजूंनी लिहिता येई. इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत त्या पुस्तकाने गुंडाळीला मागे टाकले. तरी इंग्रजीत ग्रंथाच्या खंडाला आजही 'व्हॉल्यूम' म्हणतात, आणि तो शब्द 'गुंडाळणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इटलीतले हर्क्युलेनियम गाडले गेले. तिथल्या एका वाड्यात १७५२ मध्ये शेकडो गुंडाळ्या सापडल्या, जळून कोळशासारख्या झालेल्या. उघडण्याच्या घाईत कित्येक कापल्या गेल्या, कित्येकांचा चुरा झाला. मग अंतोनियो पियाज्जो या धर्मगुरूंनी रेशमी दोऱ्यांचे यंत्र करून त्या अतिशय सावकाश उलगडायला सुरुवात केली. आता क्ष-किरण आणि संगणकाच्या मदतीने बंद गुंडाळीतली अक्षरेही दिसू लागली आहेत. २०२३ मध्ये अशा एका गुंडाळीतून 'जांभळा' या अर्थाचा ग्रीक शब्द वाचता आला.

त्या घाईबद्दल वाचताना मला आपला नकाशा आठवला. एका पावसाळ्यात तो दमट होऊन चिकटला होता. तासापूर्वी मी तो जोरात ओढला आणि तो मधोमध फाटला. मी गुपचूप गुंडाळून ठेवला. सरांनी त्या दिवशी नेमके माझ्या बाकावरच्या मित्राला नकाशा लावायला सांगितले. त्याच्या हातात तो दोन तुकडे होऊन लोंबला. तो तासभर वर्गाबाहेर उभा राहिला आणि मी वहीत डोके घालून बसलो.

मेळाव्याला सरही येणार आहेत आणि तोही. सर, नकाशा माझ्या हातून फाटला होता. आणि मित्रा, तुझी माफी मी भेटल्यावर मागणारच आहे, पण शिक्षा तुला सगळ्या वर्गासमोर झाली होती, म्हणून आधी इथे लिहिले.