फ्रेंच शिक्षकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ

फ्रेंच शिकवणाऱ्यांच्या देशोदेशीच्या संघटनांची शिखर संस्था. एफआयपीएफ या फ्रेंच आद्याक्षरांनी अधिक परिचित. स्थापना 1969. सुमारे 200 संघटना आणि त्यांच्यामार्फत जवळपास 80,000 शिक्षक महासंघाशी जोडलेले आहेत. भारतीय शिक्षकाचा त्याच्याशी संबंध येतो तो इंडियन असोसिएशन ऑफ टीचर्स ऑफ फ्रेंचसारख्या संघटनांमधून.

‘ल फ्रांसे दाँ ल माँद’ हे नियतकालिक महासंघाचे मुखपत्र. ते 1961 पासून निघते, म्हणजे महासंघाहूनही जुने. त्यातले वर्गात थेट वापरता येणारे धडे हा शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत कामाचा भाग. 2019 पासून नोव्हेंबरात ‘फ्रेंच शिक्षक दिन’ही पाळला जातो.

महाराष्ट्रात अशा आधाराची गरज मुंबई-पुण्याबाहेर जास्त भासते. मुंबईत आलियाँस फ्रांसेझ 1938 पासून आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. नागपूरच्या लकडगंजात, लाकडाच्या वखारी आणि आरामशिनींच्या शेजारी शिकवणी घेणाऱ्याला मात्र अडलेले विचारायला शेजारी दुसरा फ्रेंचवाला मिळणे अवघड. त्यातून अकरावीला फ्रेंच घेतात ती बहुधा गुणांसाठी. भाषेची गोडी लावायचे काम शिक्षकावरच पडते.

पॅरिसमध्ये छापलेले पाठ्यपुस्तक मराठी मुलाची अडचण ओळखत नाही. मराठीत लिंगे तीन, फ्रेंचमध्ये दोनच. ‘ते टेबल’ तिकडे ‘ला ताब्ल’, म्हणजे स्त्रीलिंगी होते. ‘ते पुस्तक’ पुल्लिंगी होते. आणि आपला चंद्र तर चक्क ‘ती’. नपुंसकलिंगाचे काय झाले, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उलट ‘तू’ आणि ‘तुम्ही’ समजावण्यात वेळ जात नाही: ‘त्यु’ आणि ‘वू’ सांगितले की काम भागते. इंग्रजीतून शिकवणारा हा सोपा रस्ता हमखास चुकतो. असे अनुभव एकमेकांना सांगायला जागा मिळणे, हाच संघटनेचा खरा उपयोग. ठराव आणि सत्कार दुय्यम.

शिकणाऱ्यांसाठी देल्फ व दाल्फ या परीक्षा (1985 पासून) आहेत. त्यांच्या उत्तरपत्रिका तपासायच्या तर शिक्षकालाही वेगळे प्रशिक्षण घेऊन परीक्षकाची मान्यता मिळवावी लागते.

महासंघाचे जागतिक अधिवेशन साधारण चार वर्षांनी भरते. 2012 चे डर्बनला, 2016 चे बेल्जियममधील लिएजला झाले. जुलै 2025 मधील अधिवेशन व्हिक्टर ह्यूगोच्या जन्मगावी, बझाँसाँ येथे भरले.