पेन्शनीनंतरची चाकरी

महाड-पोलादपूरचा मुलूख हा चाकरमान्यांचा मुलूख. सावित्रीच्या खोऱ्यातला तरणा माणूस पोटामागे मुंबईस जातो आणि केस पिकल्यावर गावी परततो. परतलेल्या माणसाने उरलेले आयुष्य कसे घालवावे, हा प्रश्न म्हणूनच येथे जुना आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच मातीतील एका पेन्शनराने त्याचे उत्तर दिले. त्याचे स्मरण करावे असे आम्हांस वाटते.

गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. महार समाजात जन्मलेले गोपाळबाबा इंग्रजांच्या फौजेत हवालदार झाले आणि १८८६ साली पेन्शन घेऊन दापोलीस राहू लागले. फौजेत मानाने वागलेल्या या माणसास समाज मात्र अस्पृश्यच मानीत होता. पेन्शनीवर स्वस्थ बसणे त्यांना अशक्य नव्हते. पण जोतीराव फुल्यांच्या विचारांनी भारलेल्या गोपाळबाबांनी लेखणी हाती घेतली. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून त्यांनी अस्पृश्यतेच्या कैवाऱ्यांना जाब विचारला. ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापिली. महारांना फौजेची दारे बंद झाली, तेव्हा १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. उच्चवर्णीय सभासदांनी विरोध केला. १९०० साली ते निवर्तले. निवृत्तीनंतरची ही चौदा वर्षे म्हणजे बिनपगारी चाकरीच होती.

त्यांनी पेरलेले पुढे उगवले. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या परिषदेसाठी रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण खपले, तसेच फौजेतून निवृत्त झालेले वडीलधारेही खपले. वाडीवस्तीवर निरोप पोहोचविण्यास तरुण हवे होते. त्या निरोपावर लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून जाणते हवे होते.

उतारवयातील अशा सेवेने सेवा करणाऱ्याचे काय होते, याचा अभ्यास अलीकडे झाला आहे. अमेरिकेत १९९५ साली एक उपक्रम सुरू झाला. त्यात साठी ओलांडलेली माणसे प्राथमिक शाळांतील मुलांना शिकण्यास मदत करू लागली. बाल्टिमोर शहरात त्यांची पाहणी केली असता त्यांचे चालणे-फिरणे वाढल्याचे दिसले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे १३,००० जणांच्या अभ्यासात, वर्षाला १०० तास, म्हणजे आठवड्यास जेमतेम दोन तास, सेवा करणाऱ्या पन्नाशीपुढील माणसांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. निराशा व एकाकीपणही कमी दिसला. धडधाकट माणूसच सेवेस बाहेर पडतो, हे ध्यानी घेऊन अशा आकड्यांकडे पाहावे. त्याहून मननीय आहे तो २०१२ चा एक निष्कर्ष : दुसऱ्यासाठी म्हणून सेवा करणाऱ्यांना दीर्घायुष्याचा लाभ दिसला, स्वतःच्या लाभासाठी करणाऱ्यांना तो दिसला नाही. गोपाळबाबांनी आरोग्यासाठी लेखणी उचलली नव्हती, हे येथे आठवते.

आज या खोऱ्यात वृद्ध मागे राहिले आहेत आणि संकटे थांबलेली नाहीत. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही जीव गेले. डोंगराला पडलेली भेग, गढूळ झालेला झरा, अंथरुणास खिळलेला शेजारी : यांची खबर रोज गावात असणाऱ्यालाच प्रथम लागते. ती वेळेवर सांगणे ही मोठी सेवा आहे. मुलांचा अभ्यास घेणे, निराधाराचा अर्ज लिहून देणे, हीसुद्धा सेवाच.

मात्र सक्ती नको. जन्मभर राबलेल्या देहाला विसाव्याचा हक्क आहे, आणि सरकारने करावयाचे काम म्हाताऱ्यांच्या गळ्यात घालणे हा अन्याय ठरेल. आम्ही म्हणतो ते इतकेच, की गावी परतलेल्या माणसास कोणी तरी विचारावे, “काका, एवढे काम पाहाल का?” आपली कोणास गरज आहे, हे कळणे त्यांनाही हवे असते.